विसार न दिलेली बोट

मला कडूबा मिस्त्रीने फसवलं. पैठणच्या धरणाच्या काठावर, दिवसाढवळ्या, माझ्या बायको-मुलांसमोर आणि म्हाताऱ्या आईसमोर तो माझ्याशी धडधडीत खोटं बोलला. तीन रविवार घासाघीस करून मी जमवलेला सौदा त्याने एका वाक्यात मोडला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी ते विसरलो. विसरलेलो नाही.

मी प्लायवूडचा व्यापारी. सोयगावकडच्या एका खेड्यातून संभाजीनगरला आलो तेव्हा वखारीत पाठीवरून फळ्या वाहत होतो. आज शहरात माझी दोन दुकानं आहेत. मधल्या काळात मला फसवायचा प्रयत्न पुष्कळांनी केला. जमलं फार थोड्यांना, आणि त्या थोड्यांत अशिक्षित म्हणावा असा एकच, कडूबा.

तो साठीच्या आसपासचा असेल. अंगाने काटकुळा, रंगाने इंजिनाच्या ऑइलसारखा. खाली खाकी हाफ पँट आणि वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. उन्हाळ्यात अंगातून धारा लागल्या तरी वरचं बटण उघडत नसे. हात कायम ग्रीसने माखलेले, म्हणून हात मिळवायची वेळ आली की मनगट पुढे करायचा. मोठमोठी माणसं त्याचं मनगट धरून बोलायची आणि ते त्याला अगदी साहजिक वाटायचं.

आणखी एक सवय होती. काम करताना तो दोन-तीन नट ओठांत धरायचा. हरवू नयेत म्हणून, असं तो सांगे. पण कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की काम चालू नसलं तरी खिशातून नट काढून ओठांत धरायचा. मग तासभर विचारा, मिस्त्री नुसता मान हलवायचा. हे माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षं लागली, आणि त्याचा अर्थ कळला तेव्हा उशीर झाला होता.

आमची ओळख पाण्याच्या पंपावरून झाली. नाथसागराच्या, म्हणजे त्याच धरणाच्या, काठाला मी थोडी जमीन घेतली होती. तिथलं इंजिन बंद पडलं, कुणीतरी कडूबाला धाडलं. दोन तासांत त्याने इंजिन चालू केलं आणि आकडा सांगितला. मी सवयीप्रमाणे म्हणालो, "दोनशे कमी करा."

त्याने इंजिन बंद केलं. पाना घेतला, बंद इंजिनाजवळ पुन्हा बसला आणि एक बोल्ट खोलू लागला.

"हे काय करताय?"

"दोनशेचं काम काढून घेतो, शेठ. बाकीचं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

"अहो, मग ते चालेल का?"

"चालंल की. दोनशे कमी चालंल."

मी पूर्ण पैसे दिले. आयुष्यात इतक्या कमी वेळात मी कधी हरलो नव्हतो. घरी येऊन बायकोला, सुनंदाला, सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "भेटला बाई एकदाचा कुणीतरी," म्हणाली.

कडूबाचं घर मेंढपाळांचं. धरणात चराईची जमीन गेली तेव्हा घरच्यांनी मेंढरं विकली आणि या पोराने पंपांच्या इंजिनांत हात घातला. पुढे बोटींची इंजिनं आली, तीही शिकला. पण माणसं मोजायची त्याची पद्धत मेंढरांचीच राहिली. कुणी बोटीत बसायला लागलं की हा काठावर उभा राहून जोडीजोडीने मोजायचा. आमच्या घरचे आम्ही पाच जण, मी, सुनंदा, दोन मुलं आणि आई. "दोन, चार, आन् एक." जाताना मोजायचा आणि येताना मोजायचा. आकडा तोच आला की मगच बिडी पेटवायचा. सगळा जन्म पाण्याकाठी काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की तो कमरेला ऑइलचा रिकामा डबा बांधायचा, झाकण घट्ट लावून. कोळ्यांची पोरं त्याला हसायची. तो म्हणायचा, "हसा. डबा बुडत नाय."

बोटीचा विषय आईमुळे निघाला. शेतावर आली की ती बांधावर बसून समोरच्या पाण्याकडे बघायची. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबलेली बाई. विहीर आणि आड यापलीकडचं पाणी तिने म्हातारपणी पाहिलं. एके दिवशी म्हणाली, "त्या पल्याडच्या आंगाला काय हाय रं?" मी म्हणालो, आपल्यासारखीच शेतं आहेत. ती म्हणाली, "तू बघून आलास का?"

मी बघून आलो नव्हतो. त्याच आठवड्यात ठरवलं की एक छोटी मोटारबोट घ्यायची. रविवारी सगळ्यांना घेऊन पाण्यावर जायचं, पलीकडे उतरायचं, डबा खायचा, परत यायचं. कागद, परवानग्या यांची धावपळ केली ती वेगळीच. नवी बोट घेणं मला पटत नव्हतं. मी कुठलीच वस्तू नवी घेत नाही. नव्या वस्तूत बोलायला जागाच नसते.

वापरलेल्या बोटी दोन मिळाल्या.

एक होती रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराची. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला वाचून कळेल. पांढरीशुभ्र फायबरची बोट, दोन-अडीच वर्षांची. लाल गाद्या, वर सावलीला कापडी छत, चकचकीत स्टीलचा कठडा, मागे जवळजवळ नवं इंजिन. मुलांनी पाहताक्षणी तिला नाव ठेवून टाकलं.

दुसरी रफिकभाईंची. ते पैठणचे मासळीचे व्यापारी. बोट आठ-नऊ वर्षांची, निळी, आणि निळीसुद्धा पाण्याच्या टाकीला लावून उरलेल्या रंगासारखी. ठिकठिकाणी ठिगळं. बसायला आडव्या फळ्या. इंजिन लहान आणि जुनं. वास मासळीचा. रफिकभाई माझा चेहरा बघून म्हणाले, "सीट नक्को देखो सेठ. बैठने का सामान तो अपने पास हैच."

दोन्ही बोटींच्या इंजिनांचं काम कडूबाकडेच होतं, म्हणून मी त्याला मधे घेतलं. त्याला विचारलं, "मिस्त्री, पांढरीचं इंजिन कसं आहे?"

"इंजिन लई भारी हाय."

"आणि बोट?"

त्याने खिशातून नट काढले आणि ओठांत धरले. मला वाटलं, कामात आहे.

पुढचे तीन रविवार मी ठेकेदाराशी जे बोललो ते माझ्या धंद्यातलं उत्तम काम होतं, हे आजही म्हणतो. पहिल्या रविवारी त्याच्या देखत निळ्या बोटीचं कौतुक केलं. दुसऱ्या रविवारी गेलोच नाही. तिसऱ्या रविवारी सुनंदाला नेलं आणि तिला आधीच सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी नाक मुरडायचं. तिने इतकं मुरडलं की ठेकेदार स्वतःहून खाली आला. मग मी गाद्या दाबल्या, छताच्या शिवणी पाहिल्या, कठडा हलवून बघितला. मागच्या फळीला, जिथे इंजिन आवळलेलं असतं तिथे, ताजा रंग दिसला. मी म्हणालो, "हा रंग कुणाला विचारून लावला? मला माझ्या पसंतीचा लावायचा होता. त्याचे कापा."

त्याने कापले. लगेच, हसत कापले. मी खूश झालो.

त्या फळीच्या आत प्लायवूड असतं. वरून फायबर, आत प्लाय. रोज शंभर फळ्या बोटाने ठोकून त्यांची जात सांगणारा मी माणूस, आणि तिथे मी रंगाचे पैसे कापून घेत उभा होतो.

भाव ठरला. ठेकेदार म्हणाला, विसार म्हणून थोडी रक्कम देऊन जा. मी विसार कुणालाच देत नाही. विसार दिला की आपण बांधले जातो आणि समोरचा सैल होतो. म्हणालो, "पुढच्या रविवारी रोख घेऊन येतो, माणसांसकट."

त्याआधी कडूबाने एक अट घातली. "शेठ, आधी कोरडी फेरी करा."

हे त्याचं स्वतःचं प्रकरण होतं. बोट काठावर, कोरड्या जमिनीवर असतानाच सगळ्या घरादाराला तीत बसवायचं आणि अर्धा तास उतरू द्यायचं नाही. तो समोर दगडावर बसून नुसतं बघणार. आम्ही शनिवारी संध्याकाळी त्या पांढऱ्या बोटीत जमिनीवर बसलो. येणारे-जाणारे थांबून हसत होते. सुनंदा पदर तोंडाशी धरून म्हणाली, "लोकं म्हणतील, यांना पाणी दिसत नाही का?" आईने दोन्ही हातांनी कठडा पकडला होता आणि डोळे मिटले होते, जमिनीवर!

दहा मिनिटांत माझा फोन वाजला. दुकानातून होता. मी तटकन उठलो, मागे इंजिनाजवळ जाऊन उभा राहिलो आणि ओरडून बोलायला लागलो. मुलगा माझ्यामागून मागे आला. मुलगी त्याच्यामागून. गाडीचा माल चुकीचा उतरवला होता, म्हणून मी इंजिनावर मुठी आपटत होतो.

फेरी संपली. कडूबाने दगडावरून उठून पँट झटकली.

"पास का?" मी विचारलं.

"आजी पास," तो म्हणाला. "बाकीचे मागं पळत्यात."

रविवारी आम्ही नटून गेलो. नारळ, हळद-कुंकू, झेंडूचा हार. मुलांना नवे कपडे. खिशात रोकड. ठेकेदाराच्या शेताच्या अलीकडेच कडूबा रस्त्यात उभा होता, जणू आमचीच वाट बघत. मी काच खाली केली.

"नगा जाऊ तिकडं," तो म्हणाला. "गेली ती. काल तुम्ही गेल्यावर एकानं विसार दिला."

"कुणी? ठरलं होतं ना माझ्याशी!"

"ठरलं व्हतं व्हय. पर विसार नव्हता ना शेठ."

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिता येणार नाही. आधी ठेकेदाराला त्याच्या माघारी बोललो, मग कडूबाकडे वळलो. तू मधे पैसे खाल्ले असशील, दुसऱ्याकडून दलाली घेतली असशील, तुझ्यासारख्यांना मी ओळखतो. काठावर जाळी विणत बसलेली माणसं माना वर करून बघत होती. कडूबाने नट ओठांत धरले. मुलगी रडायला लागली. सुनंदा म्हणाली, "फोन करून विचारा तरी त्यांना."

मी फोन केला नाही. ज्याने शब्द फिरवला त्याचा नंबर मी तिथल्या तिथे काढून टाकतो, ही माझी रीत आहे. त्या दिवशीही काढून टाकला.

रफिकभाईंची निळी बोट पन्नास पावलांवर उभी होती. हार हातात होता, मुलं रडत होती, आई गाडीत बसून विचारत होती की झालं काय. रागाच्या भरात मी निळी बोट घेतली. फारशी घासाघीससुद्धा केली नाही. रफिकभाईंनी मला पाणी पाजलं आणि म्हणाले, "गुस्सा नक्को सेठ, ये घर को लाती." हार त्या टाकीच्या रंगाच्या बोटीला घातला. कडूबाने इंजिन चालू करून दिलं आणि काठावर जाऊन मोजलं. "दोन, चार, आन् एक."

मी त्याच्याशी त्यानंतर चार महिने धड बोललो नाही. काम द्यायचो, कारण दुसरा मिस्त्री नव्हता.

पण रविवार मात्र चांगले गेले, हे कबूल करतो. आई पहिल्या दिवशी पलीकडच्या काठावर उतरली, मातीचं एक ढेकूळ उचलून फोडलं, वास घेतला आणि म्हणाली, "आपल्यापरीस हलकी हाय." एवढ्यासाठी तिला जायचं होतं. मग दर आठवड्याला जायचं होतं. मासळीचा वास दोन महिन्यांनी गेला, किंवा आम्हाला येईनासा झाला.

वैशाखात एका दुपारी परत येताना वारा सुटला. नाथसागराचं पाणी एरवी ताटात ठेवल्यासारखं असतं. वारा सुटला की ते तळं राहत नाही. समोरून लाटा यायला लागल्या. बोट उचलली जायची आणि धपकन आपटायची. मी इंजिन पूर्ण वेगाने सोडलं होतं. दर आपटण्यासरशी इंजिन मागच्या फळीला असा हिसका द्यायचं की माझ्या हातापर्यंत झिणझिण्या यायच्या. मुलगा माझ्या पायाशी, इंजिनाला चिकटून बसला होता. आई मधे, पुन्हा डोळे मिटून. काठ वीस मिनिटांवर होता. ती वीस मिनिटं मी कुणाशी बोललो नाही आणि कुणावर ओरडलोही नाही. सुनंदा म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच.

काठाजवळ आलो तर कडूबा छातीभर पाण्यात उभा. पोहता न येणारा माणूस, कमरेला डबा बांधून, दोरीसाठी हात पुढे केलेला. त्याने दोरी पकडली, आम्हाला ओढून घेतलं, एकेकाला उतरवलं. ओठ हलत होते, मोजत होता. मग आमची विचारपूस न करता तो सरळ बोटीच्या मागे गेला आणि इंजिनाच्या बोल्टांवरून हात फिरवू लागला. मला त्या घडीलासुद्धा राग आला. इथे माणसं थरथरताहेत आणि याला लोखंडाची पडली आहे.

पंधरा दिवसांनी एका लग्नात ठेकेदार समोर आला. पंगतीच्या रांगेत, दहा लोकांत, मोठ्याने म्हणाला, "काय शेठ, शब्द फिरवलात ना? माणसासारखं सांगायचं तरी, निळी घेतोय म्हणून!"

"मी फिरवला? तुम्ही विसार घेतलात दुसऱ्याचा!"

"कुणाचा? बोट माझ्याच शेडमधे उभी आहे ताडपत्रीखाली. मिस्त्री सांगत आला, शेठचा विचार बदलला."

मी जेवलो नाही. लग्नाच्या कपड्यांत तसाच गाडी काढून काठावर गेलो. कडूबा एका पंपाशी बसला होता. मी त्याचा शर्ट धरला. ते वरचं बटण तुटून पडलं. त्याने ते वाकून उचललं, खिशात टाकलं आणि म्हणाला, "चला."

ठेकेदाराच्या शेडकडे तो पुढे, मी मागे. ताडपत्री त्याने मागच्या बाजूने उचलली. इंजिन काढून ठेवलेलं होतं. पांढरी फळी समोर.

"ठोका," तो म्हणाला.

मी ठोकलं. आवाज ऐकला. पुन्हा ठोकलं, इकडे, तिकडे, खाली. ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज, सगळीकडे. बोल्टाच्या भोकात त्याने स्क्रू ड्रायव्हर घातला आणि फिरवला. काळा, चहाच्या चोथ्यासारखा भुगा बाहेर आला. ते प्लायवूड होतं. किंवा कधीकाळी होतं. भरधाव पाण्यात हे इंजिन फळीसकट निघून गेलं असतं, आणि मागे राहिलं असतं बोटीएवढं रुंद, उघडं भगदाड.

मी तिथेच चिखलात बसलो. लग्नाच्या पांढऱ्या पँटीत. मला वैशाखातली ती दुपार दिसत होती, आणि माझ्या पायाशी इंजिनाला चिकटून बसलेला मुलगा. कितीतरी वेळ मला नुसता श्वास घ्यावासा वाटत होता, आत आणि बाहेर. इतकं हलकं मला पहिलं दुकान उघडलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग अर्थात राग आला.

"मला सांगायला काय झालं होतं? फळी कुजली आहे, एवढं एक वाक्य!"

कडूबा माझ्याशेजारी उकिडवा बसला. पहिल्यांदाच त्याने नट काढले नाहीत.

"सांगितलं आसतं तर तुम्ही काय केलं आसतं, शेठ?"

"काय म्हणजे?"

"तुम्ही ठेकेदाराला म्हनले आसते, फळी कुजली, दर पाडा. त्यानं पाडला आसता. आन् तुम्ही घेतली आसती. फळी बदलून घेऊ म्हनून. आन् बदलायच्या आदी एक रैवार फिरून येऊ म्हनून." मग म्हणाला, "म्या चार वर्सं बगतोय तुम्हाला. खोट दिसली की तुम्ही सौदा सोडत नाय. सस्ता करता."

तो म्हणत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या रविवारी मी तसंच केलं असतं आणि घरी येऊन फुशारकी मारली असती.

"आणि मी ठेकेदाराला फोन केला असता तर? तुझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं."

"तुम्ही फोन करनार नाय, हे ठाव व्हतं. त्यो बी करनार नाय, हे बी ठाव व्हतं." पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आलं. "दोघं बी लई मोठी मानसं."

इथवरची हकीकत सांगायला मला आवडते. पुढची आवडत नाही, पण ती सोडून देता येत नाही.

मी तिथल्या तिथे ठेकेदाराला फोन लावला. लग्नातल्या एकाकडून नंबर घेतला होता, ठेकेदाराशी भांडण पुरं करायला. कडूबा दोन्ही हातांनी नको नको करत होता. मी ऐकलं नाही. सडकी फळी रंगवून विकतोस, माझ्या पोराबाळांच्या जिवावर उठतोस, मिस्त्रीने दाखवलं म्हणून कळलं. जे मनात होतं ते सगळं, कडूबाच्या नावासकट, फोनवर ओकून टाकलं. फोन ठेवला तेव्हा कडूबा ताडपत्रीच्या दोऱ्या पुन्हा बांधत होता. "बांधून ठेवतो," म्हणाला. "मागनं मला कुनी इथं येऊ देनार नाय."

तसंच झालं. ठेकेदाराच्या शेतावरचे पंप, त्याच्या भावाचे पंप, त्याच्या ओळखीच्यांचे पंप, सगळी कामं आठ दिवसांत गेली. कडूबाच्या निम्म्याहून जास्त कामाची तीच घरं होती. मग मला आणखी एक गोष्ट कळली. माझ्याआधी दोन गिऱ्हाइकं आली होती त्या पांढऱ्या बोटीला, आणि दोघांनाही कडूबाने रस्त्यातच गाठून तेच सांगितलं होतं, गेली, विसार झाला. वर्षभर तो एकटा त्या बोटीची राखण करत होता, तिचा मालक ती विकायला बसला असताना. ठेकेदाराला उघड सांगितलं असतं तर काम गेलं असतं. न सांगता त्याने ते सांभाळलं होतं. मी एका फोनमधे घालवलं.

मी त्याला माझ्या दुकानात ये म्हणालो. "लाकडाला कुठं इंजिन आसतं?" म्हणाला. आला नाही. दिवाळीच्या आसपास त्याची मुलगी त्याला शेंद्र्याला घेऊन गेली. जावई तिथे कारखान्यात आहे.

शेवटचा भेटलो तो तिथेच. आईने कुरडया दिल्या होत्या त्या घेऊन गेलो. गल्लीत मोटारसायकलींची रांग, लांबवर कारखान्याचा भोंगा. कडूबा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेजारणीचा मिक्सर दुरुस्त करत होता. पाणी म्हणावं असं आजूबाजूला काही नव्हतं, ओट्याशी एक निळं पिंप सोडलं तर. शर्टाचं वरचं बटण मुलीने दुसऱ्याच रंगाचं लावलं होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "मिस्त्री, माझ्यामुळे झालं हे."

"मिक्सर सोपा आसतो," तो म्हणाला. "आजी जात्यात का पल्याड?"

"दर रविवारी."

त्याला बरं वाटलं. मग मिक्सर मांडीवरून खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "पांढरी कुनाला गेली, कळलं का?"

पावसाळ्यात एका सकाळी ती ट्रेलरवर चढवून नेली होती, एवढंच मला माहीत होतं. त्यालाही तेवढंच माहीत होतं. "मी असतो तर नेऊ दिली नसती," असं काही तो बोलला नाही. म्हणाला, "तेवढं बगा, शेठ. तुम्ही इचारलं तर सांगतील. तुम्हाला भेतात लोकं."

गाडी मागे घ्यायला जागा नव्हती. तो उठून गल्लीच्या तोंडापर्यंत आला, मोटारसायकली बाजूला केल्या, आणि हात हलवत, "येऊ द्या, येऊ द्या," करत मला बाहेर काढलं. रस्त्याला लागताना आरशात पाहिलं तर तो तिथेच उभा होता, एक हात अजून वर, मागून कुठली गाडी येते का ते बघत.

गेल्या हिवाळ्यात तो गेला.

मी विचारलं, मिस्त्री. तुम्ही सांगितल्यावर तीन वेळा विचारलं. ठेकेदाराने माझा फोन उचलला नाही. त्याचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, आता कशाला उकरता? घेणाऱ्याला डोळे असतात." मलाही होते. वीस वर्षं प्लायवूड विकून तयार झालेले होते आणि तरी मी रंगाचे पैसे कापून घेत उभा राहिलो.

म्हणून इथे लिहितो, सगळ्यांदेखत. ठेकेदारसाहेब, आपला सौदा मोडला, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. तो मोडला म्हणून माझ्या घरात आज पाच ताटं मांडली जातात. तुम्ही मला पंगतीच्या रांगेत जे बोललात तेही सोडून दिलं. पण ती बोट तुम्ही कुठल्या तरी माणसाच्या दारात नेऊन उभी केलीत. त्यालाही मुलं असतील, आई असेल, त्याचाही एखादा रविवार ठरलेला असेल. तुम्ही त्याला फळीचं सांगितलंत का? नसेल सांगितलं, तर त्याचं नाव आणि गाव मला सांगा, पुढचं मी बघतो. फोनवर सांगा, माणसाकरवी सांगा, दुकानात येऊन सांगा. पण सांगा. कुणाला विकलीत?